शंकर, गंगा आणि सलीम

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात गिरड हे आमचे गाव. गावाला लागून टेकडी आणि टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा. टेकडीवर सुपारीसारखे, जायफळासारखे गोल दगड सापडतात. दोन फिरत्या बंजारा व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या मालाचे दगड झाले. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना पुन्हा माल करून दिला, अशी कथा आहे. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरनेही ती नोंदवून ठेवली. भूगर्भशास्त्र या दगडांना झिओलाइटचे गोळे म्हणते. भाविक ते तरीही खिशात घालून घरी नेतात.

भाविकांत मुसलमान आहेत, तसे हिंदूही आहेत. त्यांची श्रद्धा अशी की पंजाबचे बाबा फरीद गंजशकर इथे येऊन राहिले. इतिहास सांगतो, त्यांची कबर पाकपट्टणला आहे, म्हणजे आजच्या पाकिस्तानात. त्यांची वचने शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. बाबा नेमके कुणाचे, हा प्रश्न टेकडी चढणाऱ्याला आजवर पडलेला आम्ही पाहिला नाही.

टेकडीच्या पायथ्याशी आमच्या मित्राचे चादर, फुले आणि शिरणीचे दुकान. आम्ही निवृत्त शिक्षक. ते आम्हाला मास्तर म्हणतात, आम्ही त्यांना भाई म्हणतो. ७ जुलै २०२१ रोजी दिलीपकुमार गेल्याची बातमी आली, तेव्हा आम्ही याच दुकानात बसलो होतो. आम्ही उसासा टाकला. भाई मात्र एकदम म्हणाले, "मास्तर, माणूस मोठा होता, मान्य. पण यानं नाव काऊन बदलवलं असन?"

हा प्रश्न नुसत्या सिनेमाचा नव्हता, हे आम्हाला ठाऊक होते. भाईंचा मुलगा पुण्यात नोकरी करतो. कंपनीत त्याला एका सुटसुटीत इंग्रजी नावाने हाक मारतात. त्याचे कुणाला काही वाटत नव्हते. पण खोली भाड्याने घ्यायला गेला, तेव्हा दोन ठिकाणी सगळे ठरल्यावर पूर्ण नाव विचारले गेले आणि मग खोली 'आधीच दिली आहे' असे कळले. तिसऱ्या ठिकाणी त्याने तेच सुटसुटीत नाव सांगितले आणि खोली मिळाली. मुलाने हे हसत सांगितले. बापाला हसू आले नाही. "ही वाट त्यानंच दाखवली," भाई म्हणाले. त्यांचा रोख दिलीपकुमारांकडे होता.

आम्ही म्हटले, भाई, माणसाला दोषी ठरवायचे तर त्याची सगळी साक्ष तपासू या. असे ठरले. शुक्रवारी रात्री इशाच्या नमाजनंतर, भाईंच्या घरी, मिळतील ते सर्व चित्रपट क्रमाने पाहायचे. १९४४ च्या 'ज्वार भाटा'पासून १९९८ च्या 'किला'पर्यंत चोपन्न वर्षे आणि साठच्या आसपास चित्रपट. पहिलाच 'ज्वार भाटा' आम्हाला मिळाला नाही. 'फिल्मइंडिया'च्या बाबूराव पटेलांनी त्या वेळी या नव्या नटाची अशक्त म्हणून संभावना केली होती, तेवढ्यावर समाधान मानले. पुढचे पन्नासहून अधिक मिळाले. दोन वर्षे लागली.

आधी नावाचा प्रश्न. युसूफ खान यांचा जन्म पेशावरचा, ११ डिसेंबर १९२२ चा. वडील लाला गुलाम सरवर फळांचे व्यापारी. आपल्याकडच्या बागवानांचाच धंदा. कुटुंब मुंबईला आले, काही काळ नाशिकजवळ देवळालीला राहिले. युसूफ तिथल्या बार्न्स शाळेत शिकले. वडिलांशी खटका उडाल्यावर पुण्याला गेले आणि लष्कराच्या कॅन्टीनमध्ये काम करून सँडविच विकू लागले. मराठी त्यांना येत होते, ते या वाटेने. मग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणी यांनी त्यांना महिना साडेबाराशे रुपयांवर घेतले आणि पडद्यासाठी दिलीपकुमार हे नाव मिळाले.

ते का मिळाले, याची दोन उत्तरे त्यांनी स्वतःच दिली आहेत. १९७० सालच्या एका मुलाखतीत ते सांगतात की, वडिलांच्या माराची भीती होती. पडद्यावर काहीही नाव लावा, युसूफ खान तेवढे लावू नका, असे आपणच म्हणालो. वडिलांना सिनेमाचे भारी वावडे होते. शेजारी बशेश्वरनाथ कपूर यांचा मुलगा पृथ्वीराज सिनेमात गेला म्हणून ते त्यांची टिंगल करीत. पुढे त्याच बशेश्वरनाथांनी त्यांना 'जुगनू'ची जाहिरात दाखवली, तेव्हा आपलाही मुलगा त्याच रांगेत असल्याचे त्यांना समजले. २०१४ च्या आत्मचरित्रात मात्र ते सांगतात की नाव देविका राणींनी सुचवले आणि सर्व धर्मांच्या प्रेक्षकांना ते जवळचे वाटेल, असा त्यांचा विचार होता.

भाई म्हणाले, "दुसरं उत्तर खरं. पहिलं बहाणा."

आमचे मत थोडे वेगळे पडले. बॉम्बे टॉकीजनेच कुमुदलाल गांगुली यांचे अशोककुमार केले होते. त्यांना तर मुसलमानपण लपवायचे नव्हते. नाव बदलणे हा त्या धंद्याचा रिवाज होता. बेबी मुमताजची मधुबाला झाली, महजबीनची मीनाकुमारी, हमीद अली खान यांचे अजित आणि बदरुद्दीन काझी यांचे जॉनी वॉकर. पण त्याच काळात नूरजहाँ, सुरैया, याकूब, शेख मुख्तार, रहमान ही नावे जशीच्या तशी पडद्यावर झळकली. सगळ्यात मोठा पुरावा घरातला. युसूफ खान यांचे सख्खे धाकटे भाऊ नासिर खान सिनेमात आले, ते नासिर खान म्हणूनच. बाप एक, घर एक, काळ एक. थोरल्याने नाव बदलले, धाकट्याने ठेवले. तेव्हा नाव बदलल्याशिवाय दार उघडतच नव्हते असे म्हणता येत नाही आणि दार सर्वांना सारखे उघडे होते असेही म्हणता येत नाही. भाईंनी मान हलवली, पण पटले असे म्हटले नाही.

१९४७ चा 'जुगनू' पाहिला त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो. हा त्यांचा पहिला मोठा यशस्वी चित्रपट. दिग्दर्शक शौकत हुसैन रिझवी, नायिका नूरजहाँ. फाळणी झाली आणि हे दोघेही पाकिस्तानात गेले. नासिर खानही तिकडे गेले. १९४८ चा 'तेरी याद' हा पाकिस्तानचा पहिला चित्रपट, त्याचे नायक तेच. पुढे ते परत आले. 'जुगनू'चा नायक मात्र इथून हललाच नाही. त्याच्या आईवडिलांच्या कबरी देवळालीत आहेत. आपल्या किती घरांत अशीच वाटणी झाली, एक चुलता कराचीला आणि एक इथे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. राहिलेल्यांनी राहण्याचे कारण कधी भाषण करून सांगितले नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडले.

सुरुवातीच्या दहा वर्षांतला दिलीपकुमार हरणारा माणूस आहे. 'शहीद' आणि 'मेला' (१९४८), 'अंदाज' (१९४९), 'दीदार' (१९५१), 'देवदास' (१९५५). कुठे मरतो, कुठे फाशी जातो, कुठे स्वतःचे डोळे फोडून घेतो. या भूमिकांचा त्यांच्या मनावर इतका ताण आला की डॉक्टरांनी हलक्याफुलक्या भूमिका करायला सांगितले आणि मग १९५५ चा 'आझाद' आला. क्रमाने पाहताना हा फरक डोळ्यांना दिसतो. मान वर होते, खांदे सैल पडतात, माणूस खळखळून हसतो. भाईंनाही त्या रात्री हसू आवरले नाही.

मग १९५७ चा 'नया दौर'. टांगेवाला शंकर, गावात येणारी बस, दोघांची शर्यत. गिरडसारख्या गावात एसटी येण्याआधीचे आणि आल्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. भाईंचे आजोबा बैलगाडीने उमरेडच्या बाजाराला जात. इथे भाईंनी एक गोष्ट टिपली. 'दाग'मध्येही नाव शंकर, 'नया दौर'मध्ये शंकर, पुढे १९६६ च्या 'दिल दिया दर्द लिया'मध्येही शंकरच. बाकी राम, मोहन, विजय, आनंद, गोपी. 'यहुदी'त तर रोमचा राजपुत्र. "साऱ्या जन्मात मुसलमान फक्त एकदा," भाई म्हणाले, "तोही बादशहाचा पोरगा. आपल्यासारखा कोणीच नाही."

हे खरे आहे. ठळक मुसलमान भूमिका एकच, 'मुघल-ए-आझम'चा शहजादा सलीम. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो लागला. आम्ही या मुद्द्यावर दोन शुक्रवार भांडलो, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

त्याच वर्षी 'चौदहवी का चाँद' आला. त्यातला लखनौचा नवाबी नायक गुरुदत्त यांनी केला. १९६३ च्या 'मेरे मेहबूब'चा अलीगढचा शायर राजेंद्रकुमार यांनी केला. १९५४ चा 'मिर्झा गालिब' भारतभूषण यांनी. म्हणजे मुसलमान नायक पडद्यावर होता, पण तो नवाब होता, शायर होता, बुरख्याआडच्या डोळ्यांवर मरणारा होता. शेत नांगरणारा, टांगा हाकणारा, गिरणीत राबणारा मुसलमान त्या काळच्या पडद्यावर फारसा नव्हताच. तो करायला मिळाला नाही, म्हणून नटाला एकट्याला दोष कसा द्यायचा? लिहिणाऱ्यांत, दिग्दर्शकांत, संगीतकारांत आपलेही पुष्कळ होते. त्यांनाही टांगेवाला रहीम सुचला नाही. सुचला असेल, तरी त्याच्यावर पैसा लावायला कुणी धजले नसेल. मराठीतही आपला माणूस बराच काळ नाटकातला मोगल सरदार, नाहीतर कादंबरीतला अत्तरवाला म्हणूनच आला. रोजच्या जगण्यातला मुसलमान मराठीत आणण्यासाठी आपल्याच लेखकांना लेखणी उचलावी लागली. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले ते काही हौसेने नव्हे. सिनेमात हे काम कुणी केले नाही आणि दिलीपकुमारांनीही केले नाही, एवढे भाईंचे म्हणणे आम्हाला मान्य करावे लागले.

पण भाईंनाही एक गोष्ट मान्य करावी लागली. ती १९६१ च्या 'गंगा जमुना'ने करून दिली. हा चित्रपट दिलीपकुमारांनी स्वतः काढला. म्हणजे इथे कुणी दिलेले नाव नव्हते, निवड त्यांची होती. त्यांनी निवडला तो अवधीच्या मुलखातला गंगा नावाचा गावकरी, अन्यायाने डाकू झालेला. बोली तिकडची, अस्सल. देवळालीच्या घरी असलेल्या माळ्याकडून ती लहानपणी कानावर पडली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. संवाद वजाहत मिर्झांचे. पोलिस झालेला धाकटा भाऊ जमुना, ती भूमिका नासिर खान यांची. पडद्यावर सख्खा भाऊ सख्ख्या भावावर गोळी झाडतो आणि गंगा घरी येऊन देवापुढे प्राण सोडतो. पेशावरच्या पठाण मुलखातून आलेला, वर्षानुवर्षे मुंबईत राहिलेला एक मुसलमान नट उत्तरेकडच्या शेतकऱ्याची भाषा, त्याचे बसणे-उठणे, त्याचे मरण इतके आपलेसे करतो की त्या प्रांतातल्या माणसालाही तो परका वाटत नाही. सेन्सॉरने हा चित्रपट अडवला होता. प्रकरण पंडित नेहरूंपर्यंत गेले, तेव्हा कुठे तो सुटला.

तसाच 'कोहिनूर' (१९६०). त्यात राधा-कृष्णावरचे एक शास्त्रीय गाणे आहे. लिहिणारे शकील बदायुनी, चाल नौशाद यांची, आवाज मोहम्मद रफींचा. त्या गाण्यातल्या काही क्षणांसाठी दिलीपकुमार उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्याकडे सतार शिकले. बोटे खोटी दिसू नयेत एवढ्यासाठी. भाई उर्सात कव्वालांचे हार्मोनियम पाहत लहानाचे मोठे झाले. त्यांना बोटांची पारख आहे. ते म्हणाले, "हा माणूस लपून नव्हता बसला. लपणारा एवढी मेहनत नाही करत."

यापुढे भाईंचा सूर बदलला. 'राम और श्याम' (१९६७) पाहताना शेजारची मुलेही येऊन बसू लागली. 'बैराग' (१९७६) नंतर पाच वर्षे काहीच नाही, आणि मग १९८१ चा 'क्रांती'. नायक म्हातारा झाला होता आणि त्याने ते मान्य केले होते. १९८२ चा 'शक्ती' पाहिला आणि आमच्या ध्यानात आले की 'मुघल-ए-आझम'मध्ये जो मुलगा बापाच्या कायद्याविरुद्ध उभा होता, तोच आता कायद्याचा बाप होऊन मुलासमोर उभा आहे. मधे बावीस वर्षे. त्या रात्री भाई काही बोलले नाहीत. उठताना पुण्याला फोन लावला आणि जेवलास का, एवढेच विचारले.

'मशाल' (१९८४) हा आपल्या मराठीतून गेलेला चित्रपट. वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' या नाटकावर तो आधारलेला आहे. नाटकात काशिनाथ घाणेकरांचा लाल्या गाजला, प्रभाकर पणशीकरांचे प्राध्यापक विद्यानंद गाजले. चित्रपटात प्राध्यापकाचा वृत्तपत्राचा संपादक झाला. त्यात मुंबईच्या रात्रीच्या रस्त्यावर बायको तडफडत असते आणि हा येणारी प्रत्येक गाडी अडवायला धावतो, हात जोडतो, वर खिडक्यांकडे पाहून हाका मारतो. कुणी थांबत नाही. या वेळी भाईंचा मुलगा सुटीवर घरी आला होता, आमच्यासोबत बसला होता. तो हळूच म्हणाला, "अब्बा, इथं तर त्याला कुणी नावही विचारलं नाही."

मुलाच्या त्या वाक्याने आमचा दोन वर्षांचा वाद एका जागी आणून ठेवला. दार बंद करणाऱ्याला नाव हे एक निमित्त असते. नाव बदलून एखादे दार उघडेल, पण दार लावून घेण्याची सवय त्याने जात नाही. ती सवय ज्यांची, जाब त्यांना विचारायचा. नाव सांगणाऱ्याला किंवा न सांगणाऱ्याला नव्हे.

पडद्याबाहेरचा हिशेबही भाईंपुढे मांडणे भाग होते. युसूफ खान आपले मुसलमानपण कधी नाकारत नव्हते. १९८० साली ते मुंबईचे शेरीफ होते. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीत ते पीडितांच्या मदतीला उभे राहिले. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, तेव्हा हा एवढा मोठा नट तिच्या व्यासपीठांवर गेला. मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार, कुरेशी अशा आपल्या कष्टकरी बिरादऱ्यांना सवलतींची वाट महाराष्ट्रात १९९४ साली मोकळी झाली, त्यामागे या चळवळीचा रेटा होता. पडद्यावर त्यांना टांगेवाला रहीम करता आला नाही. पण खऱ्या टांगेवाल्याच्या पोराला दाखला मिळावा, म्हणून ते सभांना गेले. हे ऐकून भाई चमकले. त्यांच्या नात्यातल्या दोन मुली त्याच दाखल्यावर शिकल्या आहेत. त्यामागे कोण कोण होते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

१९९८ साली पाकिस्तानने त्यांना निशान-ए-इम्तियाज दिला. पुढच्या वर्षी कारगिलचे युद्ध झाले आणि तो परत करा, असा गदारोळ उठला. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, फाळके पुरस्कार मिळालेल्या माणसाला निष्ठेचा दाखला मागितला गेला. ते पंतप्रधान वाजपेयींना भेटले आणि पुरस्कार त्यांनी ठेवला. २००० ते २००६ ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. शंकर, राम आणि गंगा ही नावे घेऊन अर्धशतक काढलेल्या माणसालाही तो प्रश्न चुकला नाही. भाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे मिळाले. नाव बदलून ते सुटले, असे नाहीच.

'किला' पाहून झाला तो शुक्रवार पावसाचा होता. दोन वर्षांत भाईंनी आपला आक्षेप पुरता मागे घेतला नाही आणि आम्हीही तसा आग्रह धरला नाही. मुसलमानाची साधी भूमिका त्यांनी करायला हवी होती, हे त्यांचे मत कायम आहे, आणि ते चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण "ही वाट त्यानंच दाखवली" हे वाक्य त्यांनी पुन्हा उच्चारले नाही.

२०२१ च्या त्या दिवसाचे छायाचित्र भाईंनी कापून ठेवले होते, ते काढले. जनाजा तिरंग्यात लपेटलेला, शासकीय इतमाम, जुहूचे कब्रस्तान. वर मथळ्यात दिलीपकुमार. खाली दफन होत होते ते युसूफ खान. दोन्ही नावे त्या एका माणसाने शेवटपर्यंत सांभाळली होती.

भाईंनी चष्मा पुसला आणि मुलाला फोन केला. खोलीचा करार त्या महिन्यात नवा करायचा होता. ते म्हणाले, "कंपनीत तुला काय म्हणायचं ते म्हणू दे बेटा. करारावर मात्र पूर्ण नाव लिही. बापाच्या नावासकट. मालक नाही म्हणाला, तर दुसरी खोली पाहू. मी येतो सोबत."

मुलाने पूर्ण नाव लिहिले. मालकाने ते वाचले आणि सही केली. हे दर वेळी असेच घडेल, असे आम्ही म्हणत नाही.